सत्तेचाळीस नंबरची चकती

प्रयोगशाळेत त्याला सगळे बगळ्या म्हणत. नाव वर्कशॉपच्या फिटरकाकांनी ठेवलं होतं आणि ते त्याला चपखल बसलं होतं. दिवसाचे चार-चार तास हा गडी काचेच्या तसराळ्यातल्या पाण्यावर मान वाकवून, एका पायावर भार टाकून, हूं की चूं न करता उभा असे. फरक इतकाच, की बगळ्याला शेवटी मासा तरी मिळतो. याला जे मिळायचं ते डोळ्यांना दिसतच नसे.

ते म्हणजे ग्राफीन. कार्बनच्या अणूंचा एकच थर. एकावर एक दोन झाले की बाद. तांब्याच्या पत्र्यावर भट्टीत तो थर वाढवायचा, वरून प्लास्टिकचा पातळ लेप द्यायचा, तांबं विरघळवून टाकायचं, की थर लेपासकट पाण्यावर तरंगू लागतो. मग खालून बोटभर रुंदीची सिलिकॉनची चकती तिरकी घालून तो अलगद उचलायचा. त्या वेळी श्वास रोखायचा. नाकातून वारा सुटला तरी थराला सुरकुती पडते आणि आठवडाभराची मेहनत पाण्यात जाते. तिथे ती आधीपासूनच असते, हा भाग वेगळा.

एवढा उपद्व्याप एका प्रकाशासाठी. रेडिओच्या लहरी आणि उष्णतेचे किरण यांच्या मधल्या पट्ट्यात टेराहर्ट्झ नावाचा प्रकाश असतो. कागद, कापड, पुठ्ठा यांतून तो आरपार जातो. पार्सल न फोडता आत काय आहे ते सांगतो. पाण्यापुढे मात्र त्याचं काही चालत नाही. हवेतल्या दमटपणानंसुद्धा त्याची गाळण उडते, म्हणून त्याची वाट कोरड्या हवेच्या बंद पेटीतून न्यावी लागते. या प्रकाशाला हवं तेव्हा अडवणारा, हवं तेव्हा सोडणारा विजेवरचा पडदा ग्राफीनपासून करायचा, हे प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमचं अकरा वर्षांचं काम. बटण दाबलं की ग्राफीनला वीज मिळणार आणि पलीकडे पोचणारा प्रकाश वाढणार. किती टक्क्यांनी वाढला, यावर पडद्याची किंमत ठरते.

बगळ्याच्या वडिलांना हे कधी पटलं नाही. बाबांची सारी नोकरी ट्रक तोलणाऱ्या काट्यावर गेली. वजनाशिवाय त्यांच्या डोक्यात वस्तू शिरत नसे. “वजन किती भरतं तुझ्या त्या मालाचं?” ते विचारत.

“फुटबॉलच्या मैदानभर पसरलं तर पाच-सहा ग्रॅम.”

“मैदानासकट?”

“मैदान सोडून, बाबा.”

“मग लोकांना सांगू नकोस,” बाबा म्हणत. “विचारलंच तर बँकेत आहे म्हणून सांग.”

चार महिन्यांपूर्वी एका दुपारी बगळ्यानं तसराळ्यातून सत्तेचाळीस नंबरची चकती उचलली. एक सुरकुती नाही, एक बुडबुडा नाही. लेप विरघळवण्यासाठी चकती द्रावणात सोडून तो स्वच्छ खोलीच्या बाहेर आला. आत फोन नेता येत नाही, तो लॉकरमध्ये असतो. लॉकर उघडला तर फोनवर एकोणीस कॉल येऊन पडलेले. सात बाबांचे. मग पंचवीस मिनिटं काहीच नाही. मग बारा ताईचे.

तो घरी पोचेपर्यंत बाबा गेलेले होते. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. ताई दारात उभी होती. ती काहीतरी सांगायला लागली, तेव्हा त्यानं हात वर करून “नंतर” म्हटलं. ते नंतर अजून आलं नव्हतं.

बगळ्या रडला नाही. न रडायचं काही ठरवलं नव्हतं. आतून काही वर येईचना. घराला कुलूप लावून ताईनं त्याला आपल्याकडे सोफ्यावर आणून ठेवलं. आत्यानं त्याला मोकळं करायचा विडा उचलला. एका रविवारी तिनं जुना अल्बम त्याच्यापुढे उघडला. बगळ्यानं तो शांतपणे पाहिला आणि तीन फोटोंमागच्या तारखा चुकल्या आहेत असं सांगितलं. आत्यानं पेन मागितलं, तारखा दुरुस्त केल्या, आणि स्वतःच ढसाढसा रडून घरी गेली.

दात काढताना डॉक्टर सुई देतात, मग ओठ आपला वाटत नाही, चावला तरी कळत नाही. तसं त्याचं सगळं झालं होतं. भूक लागली की तो जेवे. कोणी हसलं की हसे, अर्धा सेकंद उशिरा. पण आत एक गोष्ट त्यानं घट्ट धरून ठेवली होती, आणि ती एकदाच ताईला बोलून दाखवली होती.

“त्या दुपारी मी नव्हतो,” तो म्हणाला होता. “पण त्या दुपारी सत्तेचाळीस झाली.”

“बरं,” ताई म्हणाली होती, आणि पोळपाट पुसत राहिली होती.

कारण सत्तेचाळीसनं कमाल केली होती. बाकीच्या चकत्यांचे आकडे तीन टक्के, चार टक्के, एखादी फारच लाडात आली तर पाच. सत्तेचाळीसचा आकडा एकोणीस. बगळ्या सुट्टीवर असताना मॅडमनी चौथ्या दिवशी तिला स्वतः द्रावणातून काढलं, वाळवलं, डबीत ठेवलं. खरं तर नवी चकती आधी लेझरखाली धरून तिच्यावर थर आहे ना हे तपासायचं असतं. पण लेझर तेव्हा दुरुस्तीला गेला होता. तो परत आला तोवर एकोणीस टक्क्यांची बातमी मजलाभर झाली होती आणि मॅडमनी फर्मान काढलं होतं: “चालतंय ना? मग तिला कोणी हात लावायचा नाही. लेझरनं भाजली-बिजली तर कोणाच्या तोंडाकडे बघू?”

एक खोड तेवढी होती. ही चकती फक्त बगळ्याच्या हाती चालायची. पहिली शंभर मोजमापं माणसानंच बटण दाबून घ्यायची, असा मॅडमचा नियम. “माणसाला चकती आणि चकतीला माणूस कळला पाहिजे,” असं त्या म्हणत. शंभर झाली, काम संगणकाकडे दिलं, आणि आकडा शून्यावर आला. सगळ्यांनी मिळून संगणकाला नावं ठेवली. प्रयोगशाळेचा गणिती, जो समीकरणांखेरीज कशालाच हात लावत नसे, त्यानं बटण दाबून पाहिलं: दीड टक्का. फिटरकाकांनी दाबलं: आकडा वेड्यासारखा नाचला. बगळ्या समोर बसला की एकोणीस.

“हातगुण आहे,” फिटरकाका म्हणाले. “काही बायकांच्या हातचं दही लागतं, काहींच्या नाही. तसंच हे.”

“हातगुण हा शास्त्रीय शब्द नाही,” गणिती म्हणाला, आणि पंधरवड्यात त्यानं चौदा पानांचा सिद्धांत लिहून आणला. त्यात सत्तेचाळीसच एकोणीस टक्के का देते याचं सविस्तर स्पष्टीकरण होतं आणि नवव्या पानावर ‘चालक गुणांक’ नावाची एक राशी होती. फिटरकाकांनी नववं पान दोनदा वाचलं. “म्हणजे हातगुणच की,” ते म्हणाले.

मग पार्सलं तपासायची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीची माणसं गुरुवारी पडदा बघायला येणार असं ठरलं. आवडला तर तो त्यांच्या यंत्रात जाणार होता. मॅडमनी केस कापून घेतले. फिटरकाकांनी सोमवारी सकाळी पेटी पुसून लखलखीत केली, आणि पेटीच्या पुढच्या बाजूला, चार महिन्यांपूर्वी एका वायरसाठी पाडलेलं आणि मग रिकामंच राहिलेलं बोटभर भोक वाईट दिसतं म्हणून त्यात रबरी बूच ठोकलं.

दहा वाजता बगळ्यानं बटण दाबलं. संगणकाच्या पडद्यावरची रेष सरळ गेली. सोडलं. सरळ गेली.

“परत दाब,” मॅडम म्हणाल्या.

“दाबलंय.”

“नीट दाब.”

“मॅडम, बटण आहे ते. नीट आणि वाईट असं काही नसतं.”

“शनिवारी चालत होती!”

“शनिवारी चालत होती,” बगळ्या म्हणाला. त्याच्या आवाजात काही नव्हतं. मॅडमना वाटलं, किती धीराचा मुलगा.

सोमवार गेला, मंगळवारही गेला. वायर बदलली, दिवा बदलला, कोरड्या हवेचा सिलिंडर बदलला. गणितीनं सिद्धांत पुन्हा तपासला आणि चकती शून्य टक्के का देते हेही त्यातून निघतं असं दाखवून दिलं. फक्त एका ठिकाणचं चिन्ह उलटं करावं लागत होतं. मॅडम जेवल्या नाहीत. फिटरकाका पेटीभोवती घिरट्या घालत म्हणाले, “नजर लागली. मी म्हटलं होतं मजलाभर बोंब मारू नका.”

बगळ्या मात्र सगळं जिथल्या तिथे करत होता. सोफ्यावर झोपत होता, उठत होता, येऊन बटण दाबत होता. एकच विचार होता, तोही विचारासारखा नव्हे, बुटातल्या खड्यासारखा: ही गेली, तर त्या दुपारचं काय?

बुधवारी सकाळी तो सगळ्यांच्या आधी आला. काय बदललं, काय बदललं, असं म्हणत त्यानं पेटीकडे पाहिलं, तेव्हा ते बूच दिसलं. त्यानं ते उपटलं, खुर्ची ओढली, बटण दाबलं. रेष टुणकन वर गेली. सोडलं, खाली आली. एकोणीस.

त्याला आनंद व्हायला हवा होता. तो होण्याची त्यानं थोडा वेळ वाट पाहिली. तेवढ्यात ती रेष, बटणाला हातसुद्धा न लावता, पुन्हा खाली गेली. आणि वर आली. आणि खाली गेली. संथ, एका लयीत. तो झोपेतून उठलेल्या माणसासारखा तिच्याकडे बघत राहिला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की ही लय ओळखीची आहे.

भोक त्याच्या नाकासमोर होतं.

त्यानं श्वास रोखला. रेष वर जाऊन थांबली. सोडला. खाली.

पुढचा अर्धा तास त्यानं जे केलं ते शिस्तीत केलं, कारण शिस्त तेवढी त्याच्यात शिल्लक होती. विजेची वायर काढली: एकोणीस. चकती चिमट्यानं उचलून डबीत ठेवली, पेटी रिकामी ठेवून पुन्हा खुर्चीत बसला: एकोणीस. साडेअठरा, नेमकं सांगायचं तर. तसराळ्यावर उभं राहून राहून त्याला सवय लागली होती. महत्त्वाचं काही करताना तो श्वास धरायचा. बटण दाबताना धरायचा, सोडल्यावर सोडायचा. त्याचा दमट श्वास भोकातून पेटीत शिरायचा आणि त्यातलं पाणी प्रकाश अडवायचं. संगणकाला नाक नव्हतं. गणिती बोलता बोलता बटण दाबायचा. फिटरकाका विड्या ओढून ओढून धापाच टाकायचे.

चार महिने तो स्वतःचा श्वास मोजत होता. जर्नलसाठी मसुदा तयार होता.

खोलीत कोणी नव्हतं. बूच त्याच्या मुठीत होतं. ते खिशात टाकलं, भोक तसंच ठेवलं, गुरुवारी समोर बसून शंभर वेळा बटण दाबलं, तर कंपनीची माणसं टाळ्या वाजवून जातील, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. सत्तेचाळीस राहील. ती दुपार राहील. पण खोटं बोलायलाही अंगात थोडा उत्साह लागतो. तो त्यानं चाचपून पाहिला, सापडला नाही.

मॅडम आल्या तेव्हा पर्स खांद्यावरून उतरवायच्या आत त्यानं त्यांना खुर्चीत बसवलं.

“मॅडम, श्वास सोडा.”

“गेले दोन दिवस तेच करते आहे. का?”

“त्या भोकात सोडा.”

मॅडमनी सोडला. रेषेनं खोल बुडी मारली. तेवीस टक्के. मॅडमनी विक्रम मोडला होता.

तोवर गणिती आणि फिटरकाका आले. कोणी काही सांगायच्या आधीच त्यांना सगळं दिसलं, आणि मग, शोकसभेत कधीकधी हसू फुटतं तसं, कोणालाच थांबता येईना. एकेक जण खुर्चीत बसून भोकात श्वास सोडू लागला. गणितीचे अकरा आले. तो नाराज झाला.

“छाती भरून घ्या की,” फिटरकाका म्हणाले. “पानंच भरता नुसती.”

“सिद्धांत चुकलेला नाही,” गणिती म्हणाला. “फक्त तो ज्याच्याबद्दल होता ते तिथे नव्हतं.”

“म्हणजे?” मॅडमचा आवाज बदलला. “नव्हतं कशावरून? भोक वेगळं आणि चकती वेगळी. चकतीवर थर आहेच ना? बगळ्या, उचलताना तू पाहिलंस ना?”

“पाहिलं,” बगळ्या म्हणाला. “तेव्हा होता.”

“मग लेझरखाली घाल. चार टक्के दिले तरी ती चकतीच आहे. बाकीच्या आहेत तशी.”

ते ऐकून त्याच्यात काहीतरी किंचित हललं. चार टक्के चालतील. दोनही चालतील. थर असला म्हणजे झालं. मग निदान त्या चार तासांत हातानं काहीतरी झालं होतं, असं म्हणता येईल. लेझरच्या खोलीत तो एकटा नाही गेला. मॅडम बरोबर आल्या आणि खुर्ची असून उभ्या राहिल्या.

लेझर चकतीवर चौसष्ट ठिकाणी ठिपका टेकवतो. ग्राफीन असेल तिथे संगणकाच्या पडद्यावर दोन सुळके उठतात. पहिल्या ठिकाणी काही उठलं नाही. कडेला नसेल, मॅडम म्हणाल्या. दहाव्या ठिकाणी नाही. तिसाव्या ठिकाणी मॅडमनी त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. चौसष्टाव्या ठिकाणीही नाही. यंत्रानं एक छोटी शीळ वाजवली आणि पुन्हा सुरू करायचं का असं विचारलं.

“द्रावणात असतानाच सुटला असणार,” मॅडम हळूच म्हणाल्या. “तासाभरात काढायची असते. तुझी चौथ्या दिवशी निघाली. अरे, मी नुसती सिलिकॉनची चकती वाळवून डबीत ठेवली, आणि वर तिच्यावर नंबर घातला.” मग लेझर बंद करत: “तू धावत गेलास ना त्या दिवशी. बरोबरच केलंस.”

“हो,” बगळ्या म्हणाला.

म्हणजे हिशेब असा होता: आत उभा होता म्हणून बाबा चुकले, आणि बाबांकडे धावला म्हणून चकती चुकली. दोन्हीकडे तो थोडक्यासाठी नव्हता. हे त्यानं मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं. पत्ता वाचावा तसं वाटलं. दुसऱ्या कोणाचा.

गुरुवारी कंपनीची माणसं आली. मॅडमनी त्यांना काही न लपवता सगळं सांगितलं आणि पाच टक्क्यांची चकती दाखवली. पाहुण्यांनी मान डोलावून ती पाहिली. त्यांच्यातल्या एका इंजिनिअरनं भोकाबद्दल तीन प्रश्न विचारले, आत फुंकर मारून बघितली, जाताना फोटोही काढला. ग्राफीनचा फोटो कोणी काढला नाही. तसाही तो आला नसता.

ते गेल्यावर बगळ्यानं नोंदवही काढली आणि सत्तेचाळीसच्या पुढे लिहिलं: थर नाही. बगळ्यानं पेनाला टोपण लावलं. हातात आता धरायला काही नव्हतं, म्हणून त्यानं फोन उचलला. दुपारचे दोन वाजले होते.

“ताई.”

“काय रे? या वेळी? बरा आहेस ना?”

“बाबांनी सात फोन का केले होते?”

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. ताईनं नळ बंद केला असावा.

“चार महिने वाट बघतेय मी,” ती म्हणाली. “तू विचारशील म्हणून. सांगायला गेले की तुझी ती चकती मध्ये यायची.”

“ती नाहीये आता. सांग.”

“प्लंबर आला होता.”

“काय?”

“प्लंबर. बाथरूमचा नळ गळत होता ना. तो म्हणाला, आधी घराचं पाणी बंद करा, मेन व्हॉल्व्ह दाखवा. बाबांना सापडेना. तू ओटा नवीन केलास तेव्हा तो कुठे गेला ते एका तुलाच ठाऊक. म्हणून फोन करत होते.”

“ओट्याखालच्या कपाटात आहे. मागची फळी निघते.”

“मला काय सांगतोस आता?”

“आणि मग?”

“मग दमले म्हणून खुर्चीत बसले. तो प्लंबर होता जवळ. बाबांच्या फोनवरून मला त्यानंच कळवलं. डॉक्टरही त्यानंच बोलावला.” ताईनं नाक ओढलं. “एकटे नव्हते रे ते. हेच सांगायचं होतं मला दारात. एवढंच.”

बगळ्यानं पेनाचं टोपण पुन्हा काढलं. “त्या प्लंबरचा नंबर आहे?” त्यानं विचारलं.

“आहे. दोनदा फोन येऊन गेला त्याचा. काम अर्धं राहिलंय म्हणतो. मी म्हटलं, भाऊ सांगेल.”

चार वाजता बगळ्यानं घराचं कुलूप काढलं. घरात बंद घराचा वास होता. बाथरूममध्ये नळ गळत होता, आणि खाली ताईनं ठेवलेली बादली काठोकाठ भरून मोरीत वाहत होती. त्यानं ओट्याखालच्या कपाटातले डबे एकेक करून बाहेर काढले, जमिनीवर ओळीत मांडले, मागची फळी काढली. व्हॉल्व्ह तिथेच होता. बेल वाजली.

प्लंबर पन्नाशीचा, बारीक, कानावर पेन्सिल लावलेला माणूस होता. त्यानं चपला दाराबाहेर काढल्या, आत आला, कपाटात डोकं घालून व्हॉल्व्ह पाहिला.

“अच्छा,” तो आतूनच म्हणाला. “इथे घातला होय. मी माळ्यावर शोधला, गॅलरीत शोधला. तुमचे वडील म्हणाले, पलंगाखाली बघा. पलंगाखालीही बघितलं. देवाशपथ.”

त्यानं व्हॉल्व्ह फिरवला. बाथरूममधली टपटप थांबली. मग त्यानं नळ खोलला, आतलं झिजलेलं वॉशर काढून बगळ्याच्या तळहातावर ठेवलं आणि पिशवीतून दोन नवीन काढली. एक काळं, एक पांढरं.

“यावरनं वाद चालला होता आमचा,” तो म्हणाला. “व्हॉल्व्ह मिळेना, तुम्ही फोन उचलेनात, म्हणून बसलो होतो दोघं. ते खुर्चीत, मी त्या स्टुलावर. मी म्हटलं, नायलॉनचं टाकू, टिकतं. ते म्हणाले, छे, रबरीच. मी म्हटलं, का? तर म्हणाले, ‘अहो, नायलॉनचं काय होतं माहितीय का—’ आणि तिथेच थांबले.”

“मग?”

“मग काय. मला वाटलं आठवतायत.” प्लंबरनं पांढरं वॉशर बोटांत फिरवलं. “तीस वर्षं झाली मला या धंद्यात. नायलॉनचं काही होत नाही. पण ते इतक्या खात्रीनं बोलले हो. तेव्हापासून कुठल्याही घरात गेलो, नायलॉन हातात घेतलं, की वाटतं, काय होत असेल? तुम्हाला बोलले होते का कधी?”

बगळ्यानं मनापासून विचार केला. बाबा काट्याबद्दल बोलत, ट्रकवाल्यांबद्दल बोलत, शेजाऱ्यांच्या कुत्र्याबद्दल बोलत. नायलॉनबद्दल काही आठवेना.

“नाही,” तो म्हणाला. “मला नाही माहीत.”

“मग कुठलं टाकू?”

प्रश्न साधा होता. दोनातलं एक सांगायचं होतं. बगळ्यानं तोंड उघडलं, आणि आवाज आलाच नाही. त्यानं पुन्हा उघडलं. हनुवटी आपोआप हलायला लागली, म्हणून त्यानं ती हातानं धरली; हातात ते झिजलेलं वॉशर होतं, तेही हलायला लागलं.

प्लंबरनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. दोन्ही वॉशरं खिशात टाकली, ओले हात पँटला पुसले, आणि डब्यांची ओळ पायानं बाजूला सारून तो स्टूल ओढून त्याच्यासमोर बसला.